जिंजर स्नॅप्स २ : अनलीश्ड (२००४) – कमी खर्चातला वेअरवुल्फ, तुमचं मत काय?

निशाचर (धागाकर्ता)

धाग्यात कथानक शेवटासकट उघड होणार आहे. चित्रपट बघायचा असेल त्यांनी आधी बघून घ्या, मग या.

२००० सालचा जॉन फॉसेट दिग्दर्शित 'जिंजर स्नॅप्स' भयपट बघणाऱ्या बहुतेकांना माहीत असतो. कॅनडातलं एक कंटाळवाणं उपनगर, दोन बहिणी, थोरलीला (जिंजरला) जनावर चावतं आणि तिचं वयात येणं नि लांडगा होणं एकाच वेळी सुरू होतं. दुसऱ्या भागाची चर्चा मात्र "पहिल्याची सर नाही" या एका वाक्यात आटोपते. मला तो अन्याय वाटतो.

दुसरा भाग दिग्दर्शित केला ब्रेट सुलिव्हनने. पहिल्या भागाचा संकलक तोच. २००३ मध्ये कॅनडातल्या एडमंटनला दुसरा आणि तिसरा भाग पाठोपाठ चित्रित झाले, त्यामुळे पैसे आणि माणसं दोन्ही वाटून वापरावी लागली. ते जाणवतं. सगळा खेळ एक मोटेल, एक व्यसनमुक्ती केंद्र आणि एक घर एवढ्यातच आहे. पण लेखिका मेगन मार्टिनने त्या टंचाईतूनच विषय काढला. धाकटी बहीण ब्रिजिट (एमिली पर्किन्स) पहिल्या भागाच्या शेवटी स्वतःहून संसर्ग ओढवून घेते. इथे ती एकटी आहे, मागे लागलेल्या एका नर लांडग्यापासून पळते आहे, आणि बचनाग या विषारी वनस्पतीच्या इंजेक्शनांवर आतलं जनावर थोपवून धरते आहे. हातावर काप घेते आणि जखम भरायला किती वेळ लागला ते टिपून ठेवते. वेळ कमी झाला की समजायचं, आतलं जनावर पुढे सरकलं. आजार मोजायची याहून साधी आणि अंगावर येणारी रीत या प्रकारच्या चित्रपटांत मला दुसरी आठवत नाही. खर्च किती? एक पातं, एक घड्याळ, एक वही.

मग तिला नशेबाज समजून केंद्रात डांबतात आणि तिचं औषधच काढून घेतात. ती खरं सांगू शकत नाही, आणि खोटं सांगितलं तर सुटका नाही. लांडग्याशिवायसुद्धा हा पेच पुरेसा भयंकर आहे.

तुमचं मत सांगा. विशेषतः शेवटाबद्दल आणि प्रत्यक्ष दिसणाऱ्या लांडग्याबद्दल.

पिठोरी

+१. घोस्टच्या, म्हणजे केंद्रात ब्रिजिटशी जवळीक करणाऱ्या लहान मुलीच्या भूमिकेत तातियाना मासलानी आहे हे सांगायचं राहिलं. चित्रीकरणाच्या वेळी ती सतरा-अठराची असेल, आणि भूमिका त्याहून लहान मुलीची. पुढे २०१३ मध्ये फॉसेटनेच ग्रॅम मॅन्सनबरोबर 'ऑर्फन ब्लॅक' ही मालिका काढली, तिच्यात मासलानीने एकमेकींच्या क्लोन असलेल्या अनेक बायका उभ्या केल्या आणि २०१६ चं एमी पटकावलं. त्या अभिनयाचं बीज इथे दिसतं. स्वतःबद्दल तृतीयपुरुषात, कॉमिकमधल्या निवेदनासारखं बोलणारी ही पोरगी आधी गोड वाटते, मग विचित्र वाटते आणि शेवटी तिची भीती वाटायला लागते. हे तिन्ही टप्पे ती आवाज न चढवता पार करते.

अर्धी_रात्र

मला चित्रपट आवडला, पण पटकथेतली एक भेग बुजत नाही. पहिल्या भागात जेसनला (जिंजरकडून संसर्ग झालेला मुलगा) बचनाग टोचल्यावर तो शांत होतो, बरा झाल्यासारखा दिसतो. सगळा उत्तरार्ध "औषध आहे, वेळेत पोहोचेल का" यावर उभा आहे. दुसऱ्या भागात कळतं की हे औषध आजार नुसता लांबवतं. ही सोय दुसऱ्या भागासाठी मागाहून केलेली आहे.

निशाचर

@अर्धी_रात्र, मागाहून केलेली आहे हे मान्य. पण पहिल्या भागात एका डोसनंतर काही क्षणांचाच परिणाम दाखवलाय. कायमचा बरा झाला असं कुठेही सिद्ध होत नाही, ब्रिजिट तसं समजते एवढंच. दुसऱ्या भागाने ती समजूत मोडली. शिवाय औषध कायमचं लागू पडलं असतं तर दुसऱ्या भागाला गोष्टच उरली नसती. रोज घ्यावं लागणारं, हळूहळू कमी पडत जाणारं, आणि घेणाऱ्यालाही मारू शकेल असं औषध आल्यामुळेच व्यसनमुक्ती केंद्र ही जागा चपखल बसते.

औषधीकोश

बचनागावर थोडं सविस्तर लिहितो, कारण चित्रपट बघून कुणी त्याला निरुपद्रवी पाला समजू नये.

चित्रपटातली वनस्पती ॲकोनायटम प्रजातीतली, युरोपात लांडगे मारायला विष म्हणून वापरली जायची. त्याच प्रजातीतली हिमालयात वाढणारी जात म्हणजे आपल्याकडच्या आयुर्वेदातला वत्सनाभ, म्हणजेच बचनाग. सगळी वनस्पती विषारी, त्यात कंद सर्वांत जास्त. मुख्य विष ॲकोनिटीन. मज्जातंतू आणि हृदयाच्या स्नायूंत सोडियम आत सोडणारी सूक्ष्म दारं असतात, ती नीट बंद होऊ न देणं हे त्याचं काम. परिणामी हृदयाला एकामागून एक चुकीचे इशारे मिळत राहतात आणि ठोक्यांची लय पूर्ण बिघडते. शुद्ध ॲकोनिटीन २ मिलिग्रॅमच्या आसपाससुद्धा प्रौढ माणसाचा जीव घेऊ शकतं.

लक्षणांचा क्रम असा : ओठ-जिभेला मुंग्या, मग बधिरपणा, हातापायांत तीच जाणीव, उलट्या, अशक्तपणा, आणि पुढे हृदयाची लय बिघडणं. हे काही मिनिटांपासून एक-दोन तासांत सुरू होतं. नेमका उतारा नाही, रुग्णालयात लय सावरत विष ओसरायची वाट बघावी लागते. म्हणून संशय आला तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठायचं.

आयुर्वेदात बचनाग शोधन केल्याशिवाय वापरत नाहीत. गोमूत्रात भिजत ठेवणं, दुधात शिजवणं अशा रीती आहेत. शिजवण्यामागचं रसायनशास्त्र सरळ आहे : उष्णता आणि पाणी मिळून ॲकोनिटीनचं विघटन होतं आणि पुष्कळ सौम्य घटक उरतात. पण किती वेळ, किती कंद, कोणत्या जातीचा, यावर सगळं अवलंबून. अर्धवट शोधन झालेल्या कंदाने विषबाधा होते. हे काम जाणकारांचंच.

आता चित्रपटाकडे. ब्रिजिट अर्क सरळ शिरेत टोचते. तोंडाने घेतल्यावर शोषण अर्धवट होतं, शिरेतून सगळंच्या सगळं आत जातं. म्हणजे डोसमधली चूक पदरात घ्यायला जागाच नाही. टोचल्यावर ती कोसळते, अंग झटके देतं, ते दृश्य म्हणूनच पटतं. न पटणारी बाब म्हणजे सुकवलेल्या पानांत विषाचं प्रमाण दर खेपेला वेगळं असणार, आणि ती मोजमाप करते ते फक्त जखमेचं, औषधाचं नाही. एवढी काटेकोर मुलगी अर्कही मोजून ठेवेल.

निशाचर

@औषधीकोश, उत्तम प्रतिसाद. ती लांडग्याच्या विषाने मरणार की औषधाच्या, हा ताण चित्रपटाने अजून ताणायला हवा होता.

रंगपेटी

लांडग्याबद्दल बोलू या, कारण सगळ्यांची तक्रार तिथेच असते.

पहिल्या भागात फॉसेटने संगणकीय जनावर नको असं ठरवलं होतं. सगळं प्रोस्थेटिक (अंगावर चढवायचे कृत्रिम अवयव) आणि कठपुतळीसारखं हाताने चालवलेलं. जनावर जवळजवळ बिनकेसांचं, फिकट. दुसऱ्या भागातला नर लांडगा जास्त अंधारात, जास्त झटपट दाखवलाय. तो पुरेसा दिसत नाही असं लोक म्हणतात. माझं उलट मत आहे : शेवटाकडे तो गरजेपेक्षा जास्त दिसतो.

कमी खर्चातला लांडगा कुठे फसतो ते सांगते.

पहिलं, वजन. माणसाच्या अंगावर चढवलेला पोशाख चार पायांवर नीट चालत नाही, कारण आपले पाय हातांपेक्षा लांब. ढुंगण वर आणि डोकं खाली जातं. म्हणून हातात आधार देऊन पुढची बाजू उंच करतात, नाहीतर कमरेखालचं दाखवतच नाहीत. पूर्ण अंग एका चौकटीत दिसलं की खेळ संपला.

दुसरं, कातडी. फोम लॅटेक्स (फेसाळ रबर) हलकं असतं, हालचाल छान घेतं, पण प्रकाश शोषतं आणि कोरडं, स्पंजासारखं दिसतं. त्यासाठी वर ओला थर लागतो. मेथिल सेल्युलोज पावडर एक लिटर पाण्याला १० ते २० ग्रॅम. आधी एक तृतीयांश पाणी चांगलं गरम करून त्यात पावडर भुरभुरवत ढवळायची, मग उरलेलं थंड पाणी घालायचं. गरम पाण्यात ती विरघळत नाही, नुसती सुटी होते. थंड होताना विरघळते आणि घट्ट बुळबुळीत लगदा होतो. थेट थंड पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या मोडत नाहीत. हा थर लावला की मागून आलेल्या एका दिव्याची चमक जनावराच्या कडांवर पकडली जाते आणि अंधारातही आकार कळतो. दुसऱ्या भागात जिथे जिथे लांडगा भीतीदायक वाटतो तिथे प्रकाश मागून आहे आणि अंग ओलं आहे. समोरून प्रकाश आला की रबर दिसतं.

तिसरं, तोंड. दात मोठे केले की ओठ मिटत नाहीत. ओठ न मिटणारं जनावर दर वेळी एकाच भावात दिसतं. म्हणून ते तोंड दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दाखवायचं नाही.

ब्रिजिटचे हळूहळू टोकदार होणारे कान आणि वाढणारे केस मात्र अप्रतिम. छोटं काम, जवळून दाखवलेलं, आणि दर वेळी आधीच्यापेक्षा किंचितच पुढे. माझ्या मते चित्रपटाची सगळी भीती त्या कानांत आहे.

सह्यवारा

@रंगपेटी, ते कान लघुपटासाठी करायचे असतील तर घरी जमेल का? बजेट अगदी थोडं आहे. चित्रीकरण मे महिन्यात, पुण्यात.

रंगपेटी

@सह्यवारा, जमेल. पण मे महिना म्हणालात म्हणून आधी साहित्याबद्दल. जिलेटिन सगळ्यांत स्वस्त, पण अंगाच्या उष्णतेने आणि घामाने मऊ पडतं. दिव्यांखाली कानाचं टोक लोंबायला लागेल. वातानुकूलित खोली असेल तर चालेल, नाहीतर सिलिकॉन घ्या.

कृती :

कानाच्या भोकात कापसाचा बोळा, वर व्हॅसलीन. केस बांधून त्यांवरही व्हॅसलीन. दातांचे डॉक्टर वापरतात ती अल्जिनेट पावडर पाकिटावरच्या प्रमाणात थंड पाण्यात कालवा. गार पाण्याने ती उशिरा आवळते, तुम्हाला हात चालवायला वेळ मिळतो. कानाच्या मागे आधी भरा, मग पुढे. आवळली की कान हलकेच मागेपुढे करून साचा सोडवा. त्यात लगेच प्लास्टर ओता. अल्जिनेट वाळलं की आकसतं, म्हणून उद्यावर ठेवायचं नाही.

प्लास्टरच्या कानावर क्लेने टोक घडवा. इथे सगळ्यांची फसगत होते : बऱ्याच क्लेमध्ये गंधक असतं, आणि प्लॅटिनम जातीचं सिलिकॉन गंधकाला लागलं की आवळतच नाही, चिकट राहतं. रबरी हातमोज्यांनीही तेच होतं. गंधकरहित क्ले घ्या, हातमोजे नायट्राइलचे. कडा कागदासारख्या पातळ करा, नाहीतर जोड दिसतो.

मग क्लेवर प्लास्टरचा दुसरा साचा. दोन साच्यांमध्ये व्हॅसलीनचा पातळ हात आणि कडेला चार खुणांचे खड्डे, म्हणजे पुन्हा जुळवताना सरकत नाहीत. क्ले काढा, साचे पूर्ण वाळू द्या. सिलिकॉनचे दोन भाग डब्यावरच्या प्रमाणात मिसळा. जोरात फेटलं तर बुडबुडे अडकतात आणि कान जाळीदार निघतो. उंचावरून बारीक धारेने ओता.

जिलेटिन वापरायचंच असेल तर : जिलेटिन ३० ग्रॅम, ग्लिसरीन ६० ग्रॅम, सॉर्बिटॉल ६० ग्रॅम, पाणी १५ ग्रॅम. तासभर भिजवून ठेवा, मग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा. उकळी अजिबात नको, उकळलं की फेस होतो आणि ताकद जाते. ओतण्याआधी मनगटावर थेंब लावून बघा.

केसांसाठी नाटकवाल्यांकडचं क्रेप चालेल. ते वेणीसारखं येतं, ओलसर करून इस्त्रीने सरळ करून घ्या. चिकटवायला स्पिरिट गम. खालून वर जायचं, कौलं घालतात तसं, म्हणजे वरचा थर खालच्याची मुळं झाकतो. एका वेळी चिमूटभरच. एकाच रंगाचं क्रेप वापरलं तर दाढी चिकटवल्यासारखं दिसतं, दोन-तीन छटा मिसळा. सिलिकॉनवर स्पिरिट गम धरत नाही, तिथे केस सुईने टोचून बसवावे लागतात, किंवा केस फक्त खऱ्या कातडीवरच ठेवा आणि टोक उघडं राहू द्या. चित्रपटातलं टोकही जवळून उघडंच दिसतं, म्हणून चालेल.

आदल्या दिवशी कलाकाराच्या कोपराच्या आतल्या बाजूला गमचा ठिपका लावून बघा. लाल झालं तर दुसरा चिकटा शोधा. काढताना ओढायचं नाही, रिमूव्हर कडेकडेने मुरवायचं.

सह्यवारा

खूप आभार. रक्ताचंही सांगाल का?

रंगपेटी

तिकडे कॉर्न सिरप वापरतात. आपल्याकडे बेकरीच्या सामानाच्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, ते घ्या. एक किलोला दीडशे मिलिलिटर कोमट पाणी, खायचा लाल रंग, त्याच्या पाचव्या हिश्शाने पिवळा, आणि दोन चमचे कोको पावडर थोड्या पाण्यात कालवून. कोकोशिवाय रक्त सरबतासारखं आरपार दिसतं. जुनं रक्त हवं तर कोको वाढवा आणि निळ्याचा एखादा थेंब. कपड्यांवरचं रक्त वेगळं काढून त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब घाला, ते कापडात पसरतं आणि धुताना सुटतं. तोंडात जाणाऱ्या रक्तात ते अजिबात घालायचं नाही, म्हणून दोन बाटल्या, दोन वेगळ्या चिठ्ठ्या.

अडचणी तीन. मुंग्या येतात, म्हणून दोन दृश्यांच्या मध्ये फरशी ओल्या फडक्याने पुसत राहा. कातडीवर रंग चढतो, आधी मॉइश्चरायझरचा थर द्या. आणि एलईडी दिव्यांखाली रक्त गुलाबी दिसू शकतं, म्हणून बनवतानाच कॅमेऱ्यातून बघा. फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन दिवसांत संपवा.

कातरकाम

दिग्दर्शक मूळचा संकलक आहे, ते चित्रपटभर दिसतं. भीतीच्या जागी तो जनावर दाखवून मग प्रतिक्रिया दाखवत नाही. आधी आवाज, मग ब्रिजिटचा चेहरा, मग जनावराचा एखादा तुकडा, आणि डोळ्याला तो नीट वाचता येण्याआधी कट. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर नव्या, अनोळखी आकाराला १० ते १४ चौकटी पुरतात. 'काहीतरी होतं' एवढं कळतं आणि 'काय होतं' ते कळत नाही. अठरा-वीसच्या पुढे गेलात की डोळा शिवण शोधायला लागतो.

शेवटच्या घरातल्या झटापटीत मात्र हे गणित सुटलंय. तिथे लांडगा आणि माणूस एकाच चौकटीत हवेत, नाहीतर झटापट झाली हेच कळत नाही. मग कॅमेरा हलवून झाकायचा प्रयत्न होतो. मला तिथे बसवलेले धक्के जाणवले. @रंगपेटी, तुमची तक्रार मुळात संकलनाच्या टेबलावर सुटणारी नव्हतीच, ती पटकथेत सुटायला हवी होती. झटापट दाराआड घेतली असती तर?

रंगपेटी

@कातरकाम, पूर्ण सहमत. दार, आवाज आणि घोस्टचा चेहरा. तेवढ्यात भागलं असतं.

अर्धी_रात्र

पैसे नसताना पोशाख किती घात करतो याचं टोकाचं उदाहरण म्हणजे 'हाउलिंग २' (१९८५). प्रागमध्ये चित्रीकरण, क्रिस्टोफर लीसारखा नट, आणि दिग्दर्शक फिलिप मोराने स्वतः सांगितलंय की लांडग्यांच्या पोशाखांऐवजी माकडांचे पोशाख येऊन पडले. मग कथेतच माणूस लांडगा होण्याआधी वानरासारखा होतो अशी तजवीज झाली. वर चांदीऐवजी टायटॅनियम लागतं असा नवा नियम. नियम बदलायला माझी हरकत नाही, पण तो पात्रांवर काही भार टाकणारा हवा. तिथे टायटॅनियम नुसतं शस्त्र आहे. इथे बचनाग ब्रिजिटला जगवतो, गुंगवतो, कैदेत पाडतो आणि टायलरच्या हातात सत्ता देतो.

पिठोरी

टायलरचा विषय निघाला ते बरं झालं. केंद्रातला हा कर्मचारी मुलींना नशेचे पदार्थ पुरवतो आणि बदल्यात त्यांचं शरीर मागतो. तो लांडगा नाही, पण सावज हेरण्यात त्याच्यात आणि बाहेरच्या जनावरात फरक नाही. मग घोस्ट त्याच्यावर स्वतःच्या छळाचा खोटा आरोप करते, ब्रिजिट विश्वास ठेवते आणि त्याला बाहेर लांडग्याच्या तोंडी देते. तो दोषी आहेच, पण या गुन्ह्याचा नाही. आणि ब्रिजिटने माणसासारखा विचार करून घेतलेला निर्णय जनावराला शोभणारा ठरतो. प्रेक्षक त्या क्षणी तिच्या बाजूने असतो, ही लेखिकेची करामत.

याच जागेवर काहींचा आक्षेप असतो की खोटा आरोप दाखवल्यामुळे खऱ्या तक्रारींवर शंका येते. आक्षेप गंभीर आहे. पण इतर मुलींचं शोषण चित्रपट आधीच उघड दाखवतो, ते खोटं ठरवत नाही. खोटेपणा घोस्टचा आहे, आणि तो तिच्या आजीच्या भाजण्याशी (तेही घोस्टनेच घडवलेलं) जोडलेला आहे.

सह्यवारा

शेवट मला पटला नाही. दोन भाग ज्या मुलीसाठी जीव टांगणीला लागला ती तळघरात बंद, आणि जिंकते कोण तर घोस्ट. ब्रिजिटच्या वाट्याला काहीच नाही.

निशाचर

@सह्यवारा, पहिल्या भागात ब्रिजिट बहिणीसाठी तळघरात उतरते. बहीण जनावर झाली तरी ती तिला टाकून जात नाही, आणि शेवटी तिच्याच हातून ती मरते. दुसऱ्या भागात तिला बहिणीच्या जागी एक धाकटी मुलगी मिळाल्यासारखं वाटतं. जिंजर अधूनमधून भासासारखी येऊन तिला डिवचत असते, म्हणून ती सोबतीला भुकेलेली आहे. घोस्टने तीच भूक ओळखली. ब्रिजिट मरण मागते आणि घोस्ट ते देत नाही, कारण तिला बहीण नको आहे, पाळलेलं जनावर हवं आहे. हा शेवट दुःखद आहे, पण आधीच्या प्रत्येक दृश्याने तो कमावलाय. सुटका दाखवली असती तर औषध, वही, जखमा यांचा हिशोब खोटा पडला असता.

सह्यवारा

असं बघितलं नव्हतं. तरी टायलरचा निकाल लागल्यानंतर घोस्टचं खोटं उघड व्हायला जो वेळ दिलाय तो फार कमी आहे. ब्रिजिटला कळतं, आणि लगेच झटापट. तिला त्या अपराधासह एक शांत मिनिट मिळायला हवं होतं.

कातरकाम

@सह्यवारा, बरोबर पकडलंत. तिसऱ्या अंकात तीन गोष्टी एकदम येतात : खोटं उघड होणं, लांडगा घरात शिरणं, ब्रिजिटचं जवळपास पूर्ण बदलणं. प्रत्येकाला जागा हवी होती. केंद्रातल्या गटचर्चांपैकी एखादी कापली असती तरी दोन मिनिटं हाती लागली असती, त्या चर्चा एकच मुद्दा पुन्हा सांगतात.

औषधीकोश

तिसऱ्या भागाबद्दल कुणी लिहिणार का? १८१५ मधला किल्ला, त्याच दोन अभिनेत्री.

पिठोरी

@औषधीकोश, 'जिंजर स्नॅप्स बॅक'. दिग्दर्शक ग्रँट हार्वे, किल्ल्यासाठी फोर्ट एडमंटन पार्क वापरलाय. बर्फ, लाकडी तटबंदी, अंधार, दिसायला तिन्हींत सर्वांत देखणा. पण बहिणींच्या नावांपलीकडे मूळ कथेशी धागा सैल आहे. नवीन धागा काढते, इथे विषयांतर नको.

सह्यवारा

@रंगपेटी, शेवटचा प्रश्न. कान दोन अवस्थांत दाखवायचे आहेत, किंचित टोकदार आणि पूर्ण टोकदार. दोन साचे करू की एकच?

रंगपेटी

दोन. प्लास्टरचा मूळ कान एकच, त्यावर आधी पूर्ण टोक घडवून साचा घ्या, मग तीच क्ले कोरून कमी करा आणि दुसरा साचा घ्या. घडण सारखी राहते, कान वाढलाय हे पटतं. प्रत्येक अवस्थेच्या दोन-दोन जोड्या ओतून ठेवा, काढताना पातळ कडा फाटतात आणि तोच कान दुसऱ्या दिवशी नीट बसत नाही.